धावणारं, फेकणारं आणि आळशी शरीर

कवटीला मानेशी मागून बांधून ठेवणारा एक चिवट अस्थिबंध आपल्या शरीरात असतो. धावताना डोकं हिसके खात नाही, त्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. घोड्याला, कुत्र्याला, सशाला तो असतो. आपल्या सख्ख्या भाऊबंदाला, चिंपांझीला, नसतो. टाचेमागची अ‍ॅकिलिस टेंडन आपल्यात चांगली लांब असते आणि धावताना ती स्प्रिंगसारखी ताणून सुटते. चिंपांझीत ती जेमतेम सेंटिमीटरभर. त्यात आपल्याला 20 ते 40 लाख घर्मग्रंथी, म्हणजे उन्हातही शरीर थंड राखण्याची सोय. 2004 साली डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं, की सुमारे 20 लाख वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांची बांधणी सावकाश पण लांबवर धावण्यासाठी घडत गेली. ते शिकारीमागे किती धावत, यावर अजून वाद आहेत.

आता आपल्या शाळांचे क्रीडादिन आठवा. मुख्य आकर्षण काय, तर शंभर मीटर धावणं. झटक्यात वेग घेण्यात माणूस गल्लीतल्या कुत्र्यापुढेही टिकत नाही. जिथे आपली जातच मुळात कच्ची, तिथे आपण मुलांना जोखतो आणि चौथ्या-पाचव्या नंबरच्या पोराला वाटतं, खेळ आपला प्रांत नाही. तेच पोर मित्रांबरोबर कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाला दमसास सांभाळत फेऱ्या मारू शकतं. त्याची नोंद कुठल्याच प्रगतिपुस्तकात होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खांद्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. चिंपांझी आपल्याहून ताकदवान, पण नेमकं आणि जोरात फेकण्यात तो आपल्या आसपासही नाही. नील रोच आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं, की हात मागे नेताना खांद्याभोवतीच्या स्नायुबंधांत ऊर्जा साठते आणि फेकीच्या क्षणी एकदम मोकळी होते. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. आणि हाच खांदा झाडाला लोंबकळणाऱ्या पूर्वजांकडूनही काही घेऊन आलेला आहे. सूरपारंब्या हा खेळ मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. पायाखालून काठी लांब भिरकवायची, राज्य असलेल्याने ती आणेपर्यंत झाडावर चढायचं, पारंबीला लटकायचं, उडी टाकून पळायचं. एका डावात इतकं सगळं! रांगेत उभं राहून एक-दोन-तीन-चारवर हात वरखाली करण्यात यातलं काय येतं?

पण मुलं हलत नाहीत याचा दोष आळसावर टाकू नये, कारण आळसही वारशानेच आला आहे. टांझानियातल्या हाडझा लोकांचा अभ्यास पाहा. शिकार, मध आणि कंदमुळांवर जगणाऱ्या या समाजातले पुरुष दिवसाला सुमारे 11 किलोमीटर चालतात, बायका जवळपास 6 किलोमीटर, शिवाय काठीने कंद खणतात. तरीही दिवसातले दहा-एक तास ते निवांत असतात. फरक इतकाच, की त्यातला बराच वेळ उकिडवं किंवा गुडघे टेकून बसण्यात जातो, आणि तेव्हाही पायांचे स्नायू थोडे कामात राहतात. अन्न मिळवायला कष्ट पडत असताना विनाकारण शक्ती खर्चणं परवडणारं नव्हतं. माणूस हलत आला तो गरजेपोटी किंवा मजेपोटी. “व्यायाम कर, तब्येतीला चांगला” हे सांगणं मुलाच्या अंगात मुरत नाही ते यामुळेच.

मजा येते कुठून? शिकार-संकलन करणाऱ्या अनेक समाजांत वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळतात. धाकटं पोर थोरल्याचं बघून शिकतं, थोरलं आपला जोर आवरायला शिकतं. कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावायला नको. तालमीत बारा वर्षांचं पोर आणि पंचविशीतला मल्ल एकाच लाल मातीत उतरतात. वस्तादाची नजर असते, आणि थोरला धाकट्याशी लढताना स्वतःला रोखून धरतो. जोर-बैठका, दोर चढणं, अंगाला अंग भिडवणं हे सगळं त्या सोबतीत होतं. शाळेत मात्र आपण मुलांना वर्षावर्षाच्या कप्प्यांत वाटून टाकतो.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. कुस्तीलाही त्यांनीच राजाश्रय दिला. शाळा आणि आखाडा दोन्ही त्यांना आपलेच वाटत. तालमीची मोठी उणीव म्हणजे ती पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांचीच राहिली. उत्क्रांतीत याला कसलाही आधार नाही. धावण्या-फेकण्याची ही बांधणी मुलींनाही तशीच मिळाली आहे.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. त्यासाठी शाळेने महागडं साहित्य आणण्याची गरज नाही. आठवड्यातून एक तास पाचवी ते आठवीची मुलं-मुली एकत्र मैदानात सोडावीत, एक भक्कम दोर झाडाला बांधावा, लंगडी, विटीदांडू, सूरपारंब्या यांपैकी काय खेळायचं ते मुलांनाच ठरवू द्यावं, आणि शिक्षकाने शिट्टी खिशात ठेवून वस्तादासारखं बाजूला उभं राहून बघावं.