धूळ खाली बसायला किती वेळ लागतो?

घरातली धूळ म्हणजे मुख्यतः माणसाच्या अंगावरून गळालेली मृत त्वचा, असं एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ऐकायला किळसवाणं आहे म्हणून लक्षात राहतं, एरवी त्यात फारसा दम नाही. गादी-उशीत त्वचेचे कण भरपूर सापडतात हे खरं. पण जमिनीवरच्या केरात मोठा वाटा असतो बाहेरच्या मातीचा, चपलांबरोबर आणि खिडकीतून आलेल्या. उरलेल्यात कपड्यांचे तंतू, केस, फोडणीची काजळी, उदबत्तीची राख, रंगाचे पापुद्रे, परागकण, झुरळांच्या अंगाचा चुरा. रत्नागिरीच्या घरातली धूळ आणि जालन्याच्या घरातली धूळ ही एकच वस्तू नव्हे. त्यामुळे ‘धुळीवर उपाय काय’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि दर काळात माणसांनी आपल्या समजुतीप्रमाणे वेगळंच उत्तर काढलेलं दिसतं.

आपल्याकडच्या मातीच्या घरात जमीन हाच धुळीचा उगम होता. चालून चालून वरचा थर सुटायचा, आणि शेण-मातीचं सारवण तो पुन्हा बांधून ठेवायचं. शेणातले गवताचे बारीक तंतू मातीला धरून राहतात. हे काम दर आठ-पंधरा दिवसांनी करावं लागे. अंगणात झाडून झाल्यावर सडा, तोही त्याच कारणासाठी. आत केरसुणी, बाहेर खराटा. देशावर केरसुणी शिंदीच्या पानांची, आणि ती वळण्याचं काम बहुतकरून मातंग समाजाकडे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं, आणि ती वळणाऱ्या हातांना गावकुसाबाहेर ठेवायचं, हे दोन्ही एकाच गावात बिनबोभाट चालत असे. खराटा हातात घेऊन गावंच्या गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांना केर आणि जात यांची ही सांगड नेमकी ठाऊक होती. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा त्यातला झाडू ठळक राहिला, दुसरा भाग जरा मागे पडला.

घटस्थापनेआधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या आणि खडकावर कडक उन्हात वाळवायच्या, ही रीतही जुनीच. तिचं शास्त्रीय कारण कुणाला माहीत नव्हतं. ते पुढे येईल.

धुळीकडे रोगाचं कारण म्हणून बघायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हवेतल्या धुळीबरोबर जंतू येतात हे लुई पाश्चरने १८६० च्या सुमारास बाकदार मानेच्या चंबूंनी दाखवलं होतं. जॉन टिंडल हा भौतिकशास्त्रज्ञ प्रकाशावर प्रयोग करत होता आणि त्याला धूळविरहित हवा हवी होती. अंधाऱ्या खोलीत सोडलेला झोत दिसतो तो तरंगणाऱ्या कणांमुळे. हवा ज्योतीवरून नेली की कण जळतात आणि तेवढ्या जागी काळोख दिसतो. जळतात म्हणजे त्यातले बरेचसे सेंद्रिय, हा त्याचा निष्कर्ष. जानेवारी १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने धूळ आणि रोग यांवर व्याख्यान दिलं, आणि आपण श्वासाबरोबर काय ओढतो हे ऐकून श्रोते हादरले. कापसातून गाळलेली हवा शुद्ध असते हेही त्याने दाखवलं. आजचा मास्क त्याच कल्पनेवर उभा आहे.

ही नवी भीती मुंबईत पोचली ती प्लेगच्या रूपाने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. रोग घरात, जमिनीत, कोंदट हवेत दडलेला आहे असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांना वाटत होतं. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. घरांवर जंतुनाशकाचे फवारे, भिंतींना चुना, जमिनी उकरणं, ऊन आत यावं म्हणून कौलं काढणं असा धडाका सुरू झाला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) ही अक्षरं रंगवली जात. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सैनिक थेट माजघरात शिरले, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री काय झाला हे सांगायला नको. यात धुळीचा दोष जवळजवळ नव्हताच. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ याने कराचीत उंदरावरच्या पिसवांचा मार्ग दाखवला, आणि तोही मान्य व्हायला बरीच वर्षं गेली. मुंबईची वस्ती सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १८९८ नंतर दाट वस्तीतून समुद्राची हवा आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. आज त्याच रस्त्यांची धूळ दोन्ही बाजूंच्या घरांत शिरते, ही गंमत वेगळी.

प्लेगनंतरच्या काही दशकांत शहरी घराची जमीन बदलली, आणि माझ्या मते आपल्याकडच्या धुळीच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे. मातीची जमीन सारवता येते, पुसता येत नाही. शहाबादी फरशी आली, १९२२ च्या सुमारास आपल्याकडेच सिमेंटच्या रंगीत लाद्या बनू लागल्या, आणि रोज ओल्या फडक्याने लादी पुसणं शक्य झालं. आजही आपलं सर्वांत प्रभावी हत्यार तेच आहे.

युरोप-अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, कारण तिथे जमिनीवर गालिचे होते. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ फुंकून उडवणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असा विचार केला. खुर्चीच्या गादीला रुमाल लावून त्याने तोंडाने हवा ओढली. रुमालावर उमटलेली काळी वर्तुळं हा त्याचा पुरावा. १९०१ मध्ये त्याने पेटंट घेतलं. यंत्र इतकं अवाढव्य की घोडागाडीवरून आणून रस्त्यावर उभं करायचं आणि खिडकीतून नळ्या आत सोडायच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. अमेरिकेत ओहायोमधला दम्याने त्रासलेला सफाई कामगार जेम्स स्पँगलर याने हाताळता येईल असं विजेचं यंत्र जुळवलं, १९०८ मध्ये पेटंट मिळवलं आणि हक्क हूव्हरला विकले. भारतात घरोघरी फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकण्याची लाट आली १९८२ नंतर, युरेका फोर्ब्सच्या टायवाल्या विक्रेत्यांबरोबर. पण आपल्याकडे लादी होती, मोलकरीण होती, गालिचा नव्हता. पुष्कळ घरांत ते यंत्र वर्षभर माळ्यावर असायचं आणि दिवाळीला खाली यायचं.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. दहा मायक्रोमीटरचा (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला साधारण आठ मिनिटं लागतात. एक मायक्रोमीटरच्या कणाला जवळजवळ बारा तास. पंखा चालू असेल तर तो त्या दिवसात खाली येईलच असं नाही. कोरडी केरसुणी फिरवल्यावर जमीन स्वच्छ दिसते, पण बारीक कण उठून झाडणाऱ्याच्या नाकाशी तरंगत राहतात. जुन्या व्हॅक्यूमच्या कापडी पिशवीतूनही हेच व्हायचं: जाड माती आत, बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत. यावरचा उपाय आला अणुबाँबच्या प्रकल्पातून. किरणोत्सारी कण अडवण्यासाठी १९४० च्या दशकात विकसित झालेली गाळणी पुढे हेपा या नावाने बाजारात आली, ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडवणं हा तिचा निकष. ०.३ च का? कारण त्याहून मोठे आणि त्याहून लहान, दोन्ही कण अडवणं तुलनेने सोपं असतं.

मधल्या काळात धुळीत एक नवा आरोपी सापडला. घरच्या धुळीने दमा उठतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डॉक्टर सांगत होते, पण धुळीतलं नेमकं काय, ते कळत नव्हतं. १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा यांनी त्याचा संबंध धुळीतल्या माइटशी जोडला. हा आठ पायांचा जीव, मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढा, आपल्या त्वचेच्या कणांवर जगतो. ॲलर्जी मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनाने होते. त्या विष्ठेचे कण दहा ते चाळीस मायक्रोमीटरचे, म्हणजे काही मिनिटांत खाली बसणारे. त्यामुळे माइटच्या त्रासावर हजारो रुपयांचा एअर प्युरिफायर घेणं हा बराचसा वाया गेलेला खर्च आहे. हवेत तरंगत नाही ते हवा गाळून कसं मिळणार? ते आहे उशीत, गादीत, आपलं नाक रात्रभर जिथे टेकलेलं असतं तिथे.

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. गोधड्यांना मिळणारं नवरात्राआधीचं ऊन म्हणूनच कामाचं. कोकण आणि मुंबईत त्याला वर्षभर आराम. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत तो हैराण व्हायला हवा, पण आपण खिडकीत वाळ्याचा कूलर लावतो आणि ओलाव्याची सोय करून देतो. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला ५५ ते ६० अंशांच्या गरम पाण्यात धुणं, गादीला घट्ट विणीचं आवरण घालणं, एवढं केलं तरी फरक पडतो.

बाहेरून येणाऱ्या धुळीवर मात्र घरातून मर्यादितच काही करता येतं. देशाच्या २००९ च्या मानकानुसार हवेतल्या पीएम १० (म्हणजे दहा मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक) कणांची चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. मुंबईत पुनर्विकासाच्या बांधकामांमुळे हवा इतकी बिघडली की ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने नियम काढले: एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान भूखंडाभोवती २५ फूट, इमारतीला ओलं हिरवं कापड, राडारोड्यावर पाण्याचा फवारा, गेटवर ट्रकची चाकं धुणं. नियम चांगले आहेत. शेजारी टॉवर उठत असलेल्या सोसायटीने ते तोंडपाठ करावेत आणि वॉर्ड ऑफिसला फोटोनिशी तक्रार करावी. घरात चपला दाराबाहेर काढण्याची आपली सवय याबाबतीत मोलाची. दाराबाहेर खरखरीत आणि आत मऊ अशी दोन पायपुसणी ठेवली की आणखी बरं. झाडायचं वरून खाली: आधी जळमटं आणि पंख्याची पाती ओल्या फडक्याने, मग कपाटं, शेवटी लादी. आणि बाईला कोरडं झाडून मग पुसायला सांगण्याऐवजी, केस आणि तुकडे हलक्या हाताने उचलून थेट ओलं पुसायला सांगितलं तर तिच्या छातीत तेवढी धूळ कमी जाईल.

एक गोष्ट दिवाळीच्या रंगकामाबद्दल. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट दार-खिडक्यांवर असेल तर तो कोरडा पॉलिश पेपरने घासू देऊ नये; भिजवून घासावा, खाली प्लास्टिक अंथरावं आणि काम संपून दोनदा ओलं पुसून होईपर्यंत रांगणाऱ्या मुलाला त्या खोलीत सोडू नये.