आहारनिवडीचे हेतू व स्त्रियांचे व्यक्तिमत्त्व

पदार्थ निवडताना आरोग्य, चव, किंमत, सोय यांपैकी कशाला किती महत्त्व दिले जाते आणि त्यात स्वभावाचा वाटा किती, याचा हा अभ्यासविषय. त्याची सुरुवात बहुधा मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या १९४३ मधील मांडणीपासून धरतात. घरात कोणते अन्न यावे हे गृहिणी ठरवते, असे त्यांचे म्हणणे होते. मोजमाप मात्र बरेच नंतरचे. स्टेप्टो, पोलार्ड व वॉर्डल यांची आहारनिवडीच्या हेतूंची प्रश्नावली १९९५ ची आहे. तिच्यात ३६ विधाने व नऊ हेतू असून प्रत्येक विधानाला १ (मुळीच महत्त्वाचे नाही) ते ४ (फार महत्त्वाचे) गुण असतात. आरोग्य व मनःस्थिती यांची प्रत्येकी सहा विधाने, सोयीची पाच, चव-रूपाची चार. नैसर्गिकता, किंमत, वजन, परिचितता व नैतिकता यांची तीन-तीन. प्रत्येक हेतूची सरासरी वेगळी काढतात.

व्यक्तिमत्त्व निवडीवर थेट परिणाम करते की हेतू व खाण्याच्या सवयींमार्फत, याविषयी मतभेद आहेत. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. भावनिक अस्थिरता अधिक असलेल्या स्त्रियांत ताणाच्या वेळी खाणे वाढते. गोड-तेलकटाकडे ओढ होते ती त्या वाटेने. कर्तव्यदक्ष स्त्रिया आरोग्याला, तर अनुभवांना खुल्या असलेल्या नावीन्याला झुकते माप देतात. बहुतेक पाहण्या एकाच वेळच्या असल्याने यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय कर्तव्यदक्ष व्यक्ती ‘आरोग्यदायी’ हे उत्तर शोभते म्हणूनही देते. जवळपास सगळीकडे ४ देण्याचा कल असणाऱ्यांत कोणता हेतू इतरांहून वरचढ हे कळावे म्हणून प्रत्येक हेतूच्या सरासरीतून त्या व्यक्तीची एकूण सरासरी वजा करावी.

वडोदऱ्यातील मराठी घरांत ही प्रश्नावली तशीच वापरली, तर दोन ठिकाणी अडते. परिचिततेची विधाने नेहमीचे, ओळखीचे व बालपणीचे अन्न एकच मानतात. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या स्त्रीची बालपणीची आमटी आणि आता नेहमीची झालेली गूळ घातलेली गुजराती डाळ यांचे गुण वेगवेगळे पडतात. मग तिन्हींची सरासरी निरर्थक ठरते. विधाने सुटी वाचावीत. दुसरी अडचण उपवासाची. मूळ नैतिकतेची विधाने अन्न कोणत्या देशातून आले व त्याचे वेष्टन यांपुरती आहेत. लिंडमन व व्हॅनानेन यांनी २००० मध्ये प्राणी, पर्यावरण, राजकीय मूल्ये व धर्म यांची विधाने जोडली, ती येथे घ्यावीत. तरीही संकष्टीची साबुदाण्याची खिचडी धर्मात मोजावी की चवीत, हे खाणारीलाच विचारलेले बरे.

स्वतःसाठीची निवड व घरासाठीची निवड वेगळी विचारावी. सासू, नवरा व मुले यांच्या आवडीनुसार रांधणाऱ्या स्त्रीच्या ताटावरून तिचा स्वभाव कळत नाही. पाहणी चातुर्मासाबाहेर घ्यावी. कांदेनवमीनंतर कांदा, लसूण व वांगी सोडणाऱ्या घरांत त्या चार महिन्यांत धर्माचे गुण फुगतात आणि सोयीचे घटतात.