आठव्या पिढीची रेघ : जुना डेस्कटॉप अपग्रेड करायचा की बदलायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. त्या दिवशी कुणाचाही डेस्कटॉप बंद पडला नाही. टॅली उघडत राहिलं, जीएसटीचं रिटर्न भरता येत राहिलं, डिजिटल सहीचं टोकन खोचलं की ओळखलं जात राहिलं. तरीही त्या तारखेच्या आगेमागे कितीतरी महिने हार्डवेअरवाल्यांच्या काउंटरवर, सीएंच्या ऑफिसात आणि घराघरांत एकच चर्चा होती: आहे त्यात भर घालायची की नवीनच घ्यायचा? प्रश्न जुनाच आहे. फक्त पूर्वी तो मशीन रडायला लागल्यावर पडायचा, आता मशीन ठणठणीत असताना पडतो, कारण पुढच्या विंडोज ११ ने प्रोसेसरच्या आठव्या पिढीवर रेघ ओढून त्याआधीची मशीन बाहेर ठेवली. हे असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

डेस्कटॉप हे मुळात सुट्या भागांचं यंत्र. १९८१ च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत मोकळे स्लॉट होते आणि त्यात काय, कसं जोडायचं याचे तपशील खुले होते. १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आलं आणि मदरबोर्डाचा, म्हणजे सगळे भाग जोडतात त्या मुख्य बोर्डाचा, आकार, स्क्रूची भोकं, पॉवरची जोडणी हे सगळं ठरून गेलं. वीस वर्षांपूर्वीच्या धडधाकट कॅबिनेटात आजचा बोर्ड सहसा बसतो, तो या मापामुळे. त्या काळाबद्दल एवढं पुरे.

आपल्याकडे या सुटेपणाचा खरा बाजार उभा राहिला नव्वदीच्या उत्तरार्धात. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरचं मूळ सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांतून माल खाली झिरपत तालुक्यापर्यंत पोचला. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाला, पुढे सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला आणि गावोगावी क्लास निघाले. क्लासमध्ये दहा-बारा मशीन, शेजारी झेरॉक्स, आणि ही सगळी मशीन चालू ठेवणारा एक पोरगा, असं ते चित्र होतं.

असेंबल्ड पीसीचं कोटेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, ‘एसएमपीएससह कॅबिनेट’ (म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यासकट पेटी), मॉनिटर, कीबोर्ड-माउस. प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, प्रत्येकीचा भाव वेगळा. ‘अपग्रेड’ करायचं म्हणजे त्यातल्या एखाद-दोन ओळी खोडून नव्या लिहायच्या, अशीच समजूत त्या कागदामुळे रुजली. १२८ एमबीच्या जोडीला आणखी १२८ घाल, २० जीबीची डिस्क काढून ८० ची टाक. दुरुस्तीसुद्धा त्याच वळणाची. मशीन बीप करतंय? रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचा, पुन्हा दाबून बसवायची. निम्म्या वेळा काम व्हायचं.

खोडता न येणारी ओळ एकच होती: प्रोसेसर आणि बोर्ड यांची जोडी. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. सॉकेट ७ च्या बोर्डावर दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर चालायचे. १९९७ मध्ये पेंटियम टू आला तो कॅसेटसारखा उभा खोचायचा, आणि त्याबरोबर ती सोय गेली. पुढे ३७०, ४७८, ७७५, ११५६, ११५५, ११५०, ११५१ अशी सॉकेटची रांगच लागली. यातलं २००४ चं ७७५ बरंच टिकलं; पेंटियम फोरपासून चार कोअरच्या कोअर टू क्वाडपर्यंत त्याच सॉकेटात बसले. पण तिथेही मेख होती. खाचा जुळल्या तरी चिपसेट, म्हणजे बोर्डावरची भागांची सांगड घालणारी चिप, जुना असला की नवा प्रोसेसर चालायचा नाही. रॅमचंही तेच. डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५, प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी. एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटात जात नाही. म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड, बोर्ड बदलायचा तर बहुतेक वेळा रॅम, आणि जुना एसएमपीएस नवा भार पेलेल की नाही याची धाकधूक. आपल्याकडच्या स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर छापलेले ४५० वॅट किती खरे असतात, हे कुठलाही हार्डवेअरवाला हसून सांगेल.

त्यात २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरची साथ आली. बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांची डोकी फुगायची, काहींतून तपकिरी द्रव झिरपायचा आणि मशीन मनात येईल तेव्हा रिस्टार्ट व्हायचं. अजूनही जुना कॅबिनेट उघडला की जाणकार आधी टॉर्च मारून ही डोकी बघतो. ती फुगलेली असतील तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नसतो.

या सगळ्या काळात हिशोब वेगाचा होता. नवं सॉफ्टवेअर जड व्हायचं, जुनं मशीन घुटमळायचं, मालक वैतागायचा. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. दोन्ही वेळा ओरड झाली, पण मशीनच्या दृष्टीने फार बिघडलं नाही. विंडोज ७ चालणाऱ्या बहुतेक डेस्कटॉपवर विंडोज १० चालत होतं, आणि पहिलं वर्षभर ते फुकट होतं.

मग एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, स्वस्त झाली. २०१८-१९ मध्ये भाव घसरले आणि २४० जीबीची सॅटा एसएसडी बजेटात बसायला लागली. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा कोअर आय५, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्यावर ऑफिसचं, शाळेचं, घरचं काम निभायला लागलं. डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की चालू व्हायला मिनिटं घेणारं मशीन काही सेकंदांत उभं राहायचं. पीसीच्या इतिहासात एका स्क्रूड्रायव्हरने झालेला याहून मोठा फायदा दाखवणं अवघड आहे. कंपन्यांच्या लॉटमधून निघालेले जुने ऑफिस डेस्कटॉप रिफर्बिश्ड म्हणून विकायला आले, आणि २०११ च्या एच६१ चिपसेटचे ‘नवे’ बोर्ड त्यानंतर कितीतरी वर्षं बाजारात मिळत राहिले. लॉकडाउनमध्ये माळ्यावरचे डेस्कटॉप खाली उतरले आणि पोरांच्या ऑनलाइन शाळेला लागले. वेगाच्या कारणासाठी मशीन बदलण्याची गरज सामान्य घरात जवळजवळ संपली होती.

ऑफिसांचं गणित मात्र वेगळंच असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरतात. आयकरात संगणकावरचा घसारा पूर्वी ६० टक्के होता, २०१७ पासून ४०. वह्यांत किंमत उतरली की मशीन लॉटमध्ये जातं, चालतंय की नाही हा मुद्दा गौण. रिफर्बिश्डचा बाजार याच घसाऱ्यावर पोसलेला आहे.

आता मूळ वादाकडे.

जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज ११ ची घोषणा केली आणि सोबत पात्रतेच्या अटी आल्या. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, दोन कोअर यांत कुणाला अडचण नव्हती. अडचण दोन अटींची. एक, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप. दोन, प्रोसेसरची यादी. इंटेलच्या कोअर मालिकेत आठव्या पिढीच्या, म्हणजे डेस्कटॉपपुरतं बोलायचं तर २०१७ च्या ऑक्टोबरनंतरच्या, आणि एएमडीच्या रायझनमध्ये २००० मालिकेपासून पुढच्या प्रोसेसरलाच अधिकृत प्रवेश.

टीपीएमचा गोंधळ आधी उडाला. लोकांना वाटलं, वेगळी चिप विकत घ्यावी लागणार. बोर्डावर खोचायच्या मॉड्यूलचे भाव काही दिवसांत कुठल्या कुठे गेले. प्रत्यक्षात अनेक बोर्डांत ही सोय प्रोसेसरच्याच आत होती, फक्त बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली. एक पर्याय ‘एनेबल’ केला की झालं. पात्रता तपासायचं कंपनीचं अ‍ॅपही सुरुवातीला नुसतं ‘चालणार नाही’ म्हणायचं, का ते सांगायचं नाही. तेही मागे घ्यावं लागलं. हा गोंधळ महिन्या-दोन महिन्यांत निवळला.

यादीचा वाद निवळला नाही, आणि तो निवळू नये असंच त्याचं स्वरूप आहे. सातव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आला. आपल्याकडे त्याची मशीन २०१८ मध्येही सर्रास विकली जात होती. म्हणजे पात्रता जाहीर झाली तेव्हा काही गिऱ्हाइकांच्या मशीनला धड चार वर्षंही झाली नव्हती. याच सातव्या पिढीला विंडोज ७ चालवू द्यायचं नाही, असं याच कंपनीने ठरवलं होतं. २०१७ मध्ये अशा मशीनवर विंडोज ७ चे अपडेट अडवले गेले. कारण काय दिलं, तर नव्या प्रोसेसरला नवं विंडोज हवं. गिऱ्हाईक मुकाट्याने १० वर आलं. चार वर्षांनी त्याच गिऱ्हाइकाला सांगण्यात आलं की तुझा प्रोसेसर ११ साठी जुना आहे.

कंपनीचं म्हणणं नोंदवायला हवं. सुरक्षेचे नवे थर, विशेषतः आभासी यंत्रणेच्या आधाराने कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, राखायची पद्धत, जुन्या प्रोसेसरवर मशीन हळू करतात. ते खरं आहे. पण त्यासाठी लागणारी हार्डवेअरची मदत सातव्या पिढीत होती. दुसरा मुद्दा स्थैर्याचा. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने आकडे दिले: अटी न पाळणाऱ्या मशीनमध्ये कर्नलचे क्रॅश ५२ टक्के जास्त, तर अटी पाळणाऱ्यांचा ९९.८ टक्के अनुभव क्रॅशविना. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ढोबळ गणित केलं तर ०.२ चे ०.३ होतात. ५२ टक्के ऐकायला भयंकर वाटतं, ०.३ वाटत नाही. त्याच वेळी फेरविचार करून सातव्या पिढीतले मोजके प्रोसेसर आत घेतले गेले. बहुतेक महागड्या वर्कस्टेशनचे, आणि त्यांत लॅपटॉपचा एक. हा एक कंपनीने स्वतःच्या महागड्या डेस्कटॉपमध्ये वापरलेला होता. घराघरांतला आय५-७४०० बाहेरच राहिला.

या रेघेचा खरा फटका कळायला सॉकेटकडे परत जावं लागतं. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही पिढ्यांचं सॉकेट ११५१ च. पिनांची संख्या तीच, रॅमही डीडीआर४ च. पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचे नवे बोर्ड लागायचे. एच११० किंवा बी२५० अशा सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर ती अधिकृतपणे चालतच नाही. म्हणजे विंडोजवाल्यांची रेघ आणि पेंटियमवाल्या इंटेलचं कुंपण नेमकं एकाच जागी पडलं. नुसता प्रोसेसर बदलून पलीकडे जायची वाट नाही. रायझनवाल्यांना ती होती. २०१७ चा पहिला रायझन यादीबाहेर गेला, तरी एएम४ सॉकेटच्या त्याच बोर्डावर बायोस अपडेट करून ३००० मालिकेचा सेकंडहँड प्रोसेसर बसवता येत होता, आणि २०२२ पासून बऱ्याच जुन्या बोर्डांवर ५००० मालिकाही. एकाच वर्षी घेतलेले दोन डेस्कटॉप. एकाचं काम एका प्रोसेसरवर भागतं, दुसऱ्याचा बोर्डासकट खुर्दा. अपग्रेड की नवीन, याचं उत्तर गिऱ्हाइकाच्या वतीने असं आधीच देऊन झालं होतं.

पळवाटा निघाल्याच. विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतली, म्हणजे रजिस्ट्रीतली, एक नोंद बदलून किंवा खास बनवलेल्या पेनड्राइव्हवरून तिसऱ्या पिढीच्या आय५ वरही विंडोज ११ बसतं, आणि ते बसवून विकणारे विकतात. मात्र अशा मशीनला अपडेटची हमी नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर कोअर टूच्या काळातले प्रोसेसर सुरूच होईनासे झाले, कारण त्यांच्यात एक सूचनासंच नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट कार्यप्रणाली घालायचा मार्ग मोकळा आहे आणि ब्राउझरपुरतं काम असेल तर चोख आहे. टॅली, सहीचं टोकन आणि जुन्या फाँटवर चालणारं मराठी डीटीपी असलेल्या ऑफिसात तो सुचवून बघा, समोरचा विषय बदलतो. छपाईवाल्यांकडे तर अजून एक्सपीची मशीन आहेत. त्यांच्या डीटीपी सॉफ्टवेअरचं डाँगल, म्हणजे परवान्याची खोचायची किल्ली, प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टात बसतं आणि नव्या बोर्डाला तो पोर्टच नसतो. तिथे इंटरनेटची वायर काढून ठेवणं एवढाच उपाय उरतो, आणि तो लोक करतात.

विंडोज १० ला वर्षभराची वाढीव मुदतही मिळाली. सुरुवातीला ३० डॉलर सांगितले होते, नंतर कंपनीच्या खात्याशी सेटिंग जोडली तर फुकट, असं झालं. युरोपातल्या ग्राहकांना अटी आणखी सैल झाल्या; तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज केला होता. आपल्याकडे असा आवाज फारसा ऐकू आला नाही. २०२३ पासून लागू झालेले नवे ई-कचरा नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात खरे, पण ती कचरा झाल्यानंतरची. चालतं मशीन कचरा ठरवलं कुणी, हे त्या नियमांत येत नाही.

२०२५ च्या शेवटी हिशोब पुन्हा फिरला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव भडकले, एसएसडीही महागली, आणि एका मोठ्या मेमरी कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. ‘बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५’ या तीन ओळींतली शेवटची ओळ कधी कधी पहिल्या दोघींना भारी पडू लागली. त्यामुळे जुनी डीडीआर४ ची पट्टी चालेल असा बोर्ड शोधणारे वाढले. ११५१ वाल्यांना त्यातल्या त्यात हाच रस्ता आहे: एच५१० किंवा डीडीआर४ चा बी६६० बोर्ड, त्यावर अनुक्रमे दहाव्या किंवा बाराव्या पिढीचा एखादा आय३, आणि जुनी रॅम, एसएसडी, कॅबिनेट तशीच. दुकानदार एसएमपीएस बदलायला सांगेल, त्याचं ऐकावं. ज्यांनी वाढीव मुदत घेतली आहे त्यांच्याकडे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ आहे.