विद्युत वाहन चार्जिंग केंद्रांची दरनिश्चिती

विद्युत वाहनाच्या सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर ग्राहकाकडून किती आणि कोणत्या हिशेबाने पैसे घ्यायचे, हे ठरवण्याची पद्धत. वरवर पाहता हा पेट्रोल पंपासारखाच मामला वाटतो: विजेचा भाव अधिक थोडा नफा. पण पंपावरची गाडी पाच मिनिटांत टाकी भरून निघून जाते. चार्जिंगची गाडी गन लावून अर्धा तास, तास, कधी रात्रभर जागा अडवून बसते. त्यामुळे केंद्रचालक विजेबरोबर वेळ आणि जागाही विकत असतो, आणि बऱ्याच केंद्रांवर दराचा मोठा हिस्सा या दोहोंचाच असतो.

हे समजण्यासाठी महामार्गावरच्या ६० किलोवॉटच्या एका जलद चार्जरचे उदाहरण घेऊ. जागेचे भाडे, यंत्राच्या कर्जाचा हप्ता, देखभाल, इंटरनेट, रखवालदार असा महिन्याचा बांधील खर्च समजा ४० हजार रुपये आहे. चार्जर चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला १,४४० युनिट विकले जातील. तसे कुठेच होत नाही. क्षमतेच्या १० टक्के वापर धरला, तर दिवसाला १४४ आणि महिन्याला ४,३२० युनिट होतात. म्हणजे बांधील खर्चाचा बोजा युनिटमागे सव्वानऊ रुपये. वापर ५ टक्क्यांवर आला की तोच बोजा साडेअठरा रुपये होतो, २० टक्क्यांवर गेला की साडेचार रुपयांच्या जरा वर राहतो. महावितरणचा दर तसाच असतो, पण विक्रीचा परवडणारा भाव एवढा हलतो. नव्या केंद्राचा चालक दर ठरवतो तेव्हा उद्या किती गाड्या येतील याचा तो अंदाजच बांधत असतो. दर चढा ठेवला तर गाड्या येत नाहीत, उतरता ठेवला तर हप्ता निघत नाही.

भारतात या व्यवहाराला कायदेशीर पाया मिळाला तो १३ एप्रिल २०१८ रोजी. वीज अधिनियम २००३ नुसार परवान्याशिवाय कुणालाही वीज विकता येत नाही. मग चार्जिंग केंद्र काढणाऱ्याने परवाना घ्यायचा का? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने त्या दिवशी स्पष्ट केले की बॅटरी चार्ज करणे ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे. परवान्याची अट गेली आणि हॉटेलवाल्यापासून मॉलपर्यंत कुणालाही चार्जर बसवता येऊ लागला. याच खुलाशाचे एक शेपूट मात्र कराच्या बाजूने निघाले. त्याचा उल्लेख पुढे येईल.

डिसेंबर २०१८ मध्ये मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि नंतर ती अनेकदा सुधारली. त्यांत दराचे दोन भाग वेगळे केले आहेत. पहिला, वीज कंपनीने केंद्राला द्यायच्या विजेचा दर. तो सुरुवातीला सरासरी पुरवठा खर्चाच्या, म्हणजे एक युनिट ग्राहकापर्यंत पोहोचवायला वीज कंपनीला सरासरी जो खर्च येतो त्याच्या, १५ टक्के वरपर्यंत चालत होता. जानेवारी २०२२ च्या आवृत्तीने तो सरासरी पुरवठा खर्चाइतक्याच मर्यादेवर आणला. दुसरा भाग केंद्रचालकाच्या सेवाशुल्काचा. त्याची कमाल मर्यादा ठरवण्याचे काम राज्य सरकारांकडे दिले. एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीत त्यासाठी आकडेही दिले गेले: संथ एसी चार्जिंगला सौर तासांत (सकाळी ९ ते दुपारी ४) युनिटमागे अडीच आणि इतर वेळी साडेतीन रुपये, जलद डीसी चार्जिंगला १० आणि १२ रुपये. संथ आणि जलद यांतली ही साडेतीन-चौपट तफावत यंत्राच्या किमतीतून आलेली आहे. एसी चार्जर हा बव्हंशी सुरक्षित स्विच असतो. तारांतून येणाऱ्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर गाडीच्या आतले उपकरण करते. डीसी चार्जरमध्ये ते सगळे काम बाहेरच्या कपाटाएवढ्या यंत्रात होते आणि त्यासाठी अनेकदा स्वतंत्र रोहित्रही बसवावे लागते. जमीन सरकारी असेल, तर केंद्रचालकाने जमिनीच्या मालक संस्थेला युनिटमागे एक रुपया महसुलातून द्यायचा, असेही २०२२ च्या तत्त्वांत आहे. गाड्या येवोत न येवोत, भाडे द्यावेच लागते. हा रुपया मात्र विक्री झाली तरच द्यावा लागतो. नव्या केंद्राला ही तरतूद वाटते त्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१८ च्या दर आदेशात चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गवारी केली. दर साधारण युनिटला ६ रुपये होता आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत दीड रुपयाची सवलत होती. रात्री कारखाने थंडावतात, वीज उरते, म्हणून गाड्या रात्री चार्ज व्हाव्यात हा त्यामागचा साधा विचार. पुढच्या काही वर्षांत हे चित्र उलटे झाले. सौर प्रकल्प वाढले आणि स्वस्त वीज दुपारी मिळू लागली. केंद्र सरकारच्या २०२३ च्या दुरुस्तीने सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत सरासरी पुरवठा खर्चावर २० टक्के सूट आणि उरलेल्या वेळेत २० टक्के अधिभार सुचवला. त्याच वर्षी ग्राहक हक्क नियमांत बदल होऊन वेळेनुसार दर इतर ग्राहकांनाही लागू करण्याचे ठरले. केंद्रचालकाची यात थोडी पंचाईत होते. वीज दुपारी स्वस्त असते, पण नोकरदार माणूस गाडी घेऊन येतो संध्याकाळी सातला. ऑफिसच्या आवारातले आणि मॉलमधले चार्जर या बदलात आपोआप फायद्यात गेले. निवासी भागातले तेवढे नाही.

विजेचे बिलही एका आकड्याचे नसते. वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांतून आणून देण्याचा) वापरलेल्या युनिटवर लागतात, तर मागणी आकार किलोव्होल्ट-अँपिअरवर, म्हणजे एका वेळी किती जोराने वीज ओढली यावर. दोन गन एकदम चालू झाल्या की त्या महिन्याची कमाल मागणी वर जाते. म्हणून अनेक ठिकाणी दोन गनमध्ये भार वाटून दिला जातो. ग्राहकाला वाटते चार्जर हळू चालतो आहे. चालक बिल सांभाळत असतो.

आता ग्राहकाकडून पैसे कशावर घ्यायचे? युनिटवर, मिनिटावर की गाडी लावल्याबद्दल ठरावीक रक्कम? भारतात युनिटचा हिशेब रूढ आहे आणि लोकांना तोच पटतो. मिनिटाचा हिशेब दिसतो सोपा, पण सगळ्या गाड्या सारख्या वेगाने वीज घेत नाहीत. मिनिटाला १० रुपये दर असेल, तर ५० किलोवॉटने वीज घेणाऱ्या गाडीला युनिट १२ रुपयांना पडते आणि २५ किलोवॉटनेच घेऊ शकणाऱ्या गाडीला २४ रुपयांना. म्हणजे लहान, स्वस्त गाडीवाला दुप्पट मोजतो. अमेरिकेत अनेक राज्यांत वीज कंपनीखेरीज इतरांना युनिटने वीज विकायला मनाई होती, म्हणून तिथे मिनिटाचे दर पसरले. पुढे एकेका राज्याने कायदा बदलला. युरोपीय संघाने एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या नियमांत ५० किलोवॉट आणि त्यावरच्या नव्या केंद्रांवर दर युनिटचाच असावा असे ठरवले. जर्मनीत तर चार्जरच्या मीटरला वजनमापाचे कायदे लागू आहेत, आपल्याकडच्या तराजूला लागतात तसे.

युनिटच्या हिशेबात एक भोक मात्र राहते. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की तिचे रक्षण करणारी यंत्रणा वेग उतरवते आणि शेवटचे २० टक्के भरायला फार वेळ लागतो. त्या काळात गन अडलेली असते आणि युनिट जेमतेम सरकतात. भरून झाल्यावरही गाडी तशीच उभी, मालक वडापाव आणि चहावर! मागे दोन गाड्या रांगेत. यावर उपाय म्हणून थांबाशुल्क आले. टेस्लाने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या केंद्रांवर मिनिटाला ४० सेंट असे शुल्क सुरू केले आणि गाडी पाच मिनिटांत हलवली तर ते माफ ठेवले. या शुल्कातून कमाई होणे अपेक्षितच नसते. ते कुणाकडूनही वसूल करावे लागले नाही, तर ते यशस्वी झाले म्हणायचे.

चालकांच्या बोलण्यात सहसा न येणारा आणखी एक खर्च म्हणजे दोन मीटरमधला फरक. महावितरणचा मीटर एसी वीज मोजतो. ग्राहकाच्या मोबाइलवर दिसणारे युनिट बहुधा चार्जरच्या डीसी बाजूचे असतात. रूपांतरात काही वीज उष्णतेत जाते. शिवाय पंखे, पडदा आणि दिवे गिऱ्हाईक नसतानाही चालूच असतात. शंभर युनिट घेऊन ९३ विकले गेले, तर आठ रुपयांची वीज प्रत्यक्षात ८ रुपये ६० पैशांना पडली. दर ठरवताना हे साठ पैसे विसरणारा चालक वर्षभर आपला हिशेब का जुळत नाही ते शोधत बसतो.

कराची गोष्ट अशी. विजेच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही. पण चार्जिंग ही सेवा ठरल्यामुळे तिच्यावर १८ टक्के कर लागतो, आणि तो सेवाशुल्कापुरता नव्हे तर विजेच्या किमतीसह सगळ्या रकमेवर. एखाद्या व्यवहारावर कर कसा लागेल हे विचारल्यावर आधीच सांगणाऱ्या कर्नाटकातल्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाने २०२३ मध्ये मैसूरच्या चामुंडेश्वरी वीजपुरवठा कंपनीच्या प्रकरणात हीच बाजू घेतली. वीज ८ रुपये आणि सेवाशुल्क १२ रुपये धरले, तर २० रुपयांवर ३ रुपये ६० पैसे कर येऊन युनिट २३ रुपये ६० पैशांना पडते. गाडी आणि चार्जर यांच्यावरचा कर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. गाडी घेताना मिळालेली सवलत गाडी चालवताना अशी थोडीथोडी परत जाते. ब्रिटनमध्येही असाच प्रकार आहे: घरच्या विजेवर ५ टक्के मूल्यवर्धित कर, सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. ज्याच्याकडे स्वतःचे पार्किंग नाही, त्याने जास्त मोजायचे.

दर प्रत्यक्ष लावला जातो तो केंद्राच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये. चार्जर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद सहसा ओसीपीपी या खुल्या प्रणालीने होतो. एका कंपनीच्या अ‍ॅपवरून दुसऱ्या कंपनीचा चार्जर वापरायचा असेल, तर दोघांच्या सर्व्हरमध्ये ओसीपीआय चालते. ओसीपीआयमध्ये दराचे चार घटक असतात: ऊर्जा, वेळ, उभे राहण्याचा वेळ आणि ठरावीक रक्कम. प्रत्येकाला दिवस, तास, किमान युनिट अशा अटी जोडता येतात. आणखी एक बारीक आकडा असतो तो टप्प्याचा. टप्पा एक युनिटचा ठेवला तर ७.१ युनिटला आठ युनिटचे पैसे लागतात. ग्राहकांच्या तक्रारींचे मूळ अनेकदा या एका चौकटीत सापडते.

घरगुती चार्जिंगला सार्वजनिक केंद्राचे हे दर लागू होत नाहीत. महाराष्ट्रात घरच्या जोडणीवर गाडी चार्ज केली तर निवासी दरच लागतो. पण निवासी दर टप्प्याटप्प्याने चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. महिन्याला १,२०० किलोमीटर चालणारी कार युनिटला सात किलोमीटर दराने १७० युनिट घेते आणि आधीच अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराला पुढच्या टप्प्यात ढकलते. अशा घराला गाडीसाठी वेगळी जोडणी घेणे परवडू शकते. पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांत तर वार्षिक सभेचा हा हमखास विषय झाला आहे. सामाईक मीटरवरून वीज घ्यायची तर उपमीटर कुणी वाचायचा, मागणी आकार सगळ्यांत वाटायचा की गाडीवाल्यांतच, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी केबलचा खर्च का उचलायचा? काही संस्था खासगी चालकाला जागा देऊन मोकळ्या होतात. त्या बदल्यात सभासदाला सार्वजनिक केंद्राच्या जवळपास जाणारा दर मोजावा लागतो. काही संस्था युनिटमागे रुपया-दीड रुपया देखभाल निधीत घालून स्वतःच हिशेब ठेवतात आणि महिनाअखेरीस खजिनदार वही घेऊन तळघरात उतरतो.