रॅमच्या स्लॉटची क्लिप नेमकं काय धरते?

मदरबोर्डवर रॅमची पट्टी बसवताना दोन्ही टोकांना 'खट्' असा आवाज आला की ती बसली, हे कॉम्प्युटर जुळवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हा आवाज स्लॉटच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या छोट्या क्लिपचा. ती पट्टीला घट्ट दाबून ठेवते आणि त्या दाबामुळेच विजेची जोडणी होते, असा बहुतेकांचा समज असतो. आजच्या डेस्कटॉपमध्ये तसं होत नाही. गंमत अशी की जुन्या कॉम्प्युटरांत तसंच होत असे आणि लॅपटॉपमध्ये बऱ्याच अंशी आजही होतं. क्लिपवर खरा भार किती आहे, यावरच तिची घडण ठरते. म्हणून आधी तो भार पाहू.

डेस्कटॉपमधली रॅमची पट्टी म्हणजे 'डिम'. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पिढ्यांच्या पट्टीच्या खालच्या कडेवर सोन्याचा मुलामा दिलेले २८८ संपर्कबिंदू असतात, निम्मे एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला. शेजारशेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर अवघं ०.८५ मिलिमीटर. स्लॉटच्या आत दोन्ही भिंतींना धातूच्या लवचिक पात्या असतात. पट्टी सरळ खाली दाबली की पात्या किंचित मागे सरकतात आणि दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरतात. समोरासमोरच्या पात्यांचा जोर एकमेकांविरुद्ध असल्यामुळे पट्टी कुठल्याच बाजूला ढकलली जात नाही. एकेका पातीचा जोर किरकोळ, पण २८८ पात्यांची बेरीज किरकोळ राहत नाही. पट्टी बसवताना अंगठ्यांना लागणारी ताकद ती हीच. ती जरा कमी व्हावी म्हणून डीडीआर४पासून पट्टीची खालची कड किंचित बाकदार केली गेली. मधले बिंदू आधी शिरतात, टोकाकडचे मागाहून, आणि सगळा विरोध एकाच क्षणी अंगावर येत नाही.

म्हणजे पट्टीला धरतात त्या पात्या. क्लिप तुटली तरी नीट बसलेली रॅम बहुधा चालत राहते, ती यामुळे.

मग क्लिप कशासाठी? ती एक तरफ आहे. मधोमध खिळ, वर पट्टीच्या बाजूच्या खाचेत अडकणारा आकडा आणि खाली पट्टीच्या कडेखाली जाणारा पाय. क्लिप बाहेर ओढली की हा पाय पहारीसारखा पट्टीला खालून उचकटतो. इतक्या पात्यांच्या चिमटीतून पट्टी नुसत्या बोटांनी उपसायची तर ती तिरकी होऊन संपर्कबिंदू खरवडले जाण्याची भीती असते. बसवताना याच्या उलट घडतं. पट्टी खाली येताना त्या पायाला दाबते, क्लिप आपोआप उभी होते आणि आकडा खाचेत जातो. क्लिप हातानं लावायची गरजच नाही. पट्टी पुरेशी खाली गेली, तरच ती मिटते. या साध्या यंत्रणेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा गुण हाच. आकडा, उचकटणी आणि खात्रीची खूण ही तीन कामं एकाच हालत्या तुकड्यात आली आहेत.

पट्टी अर्धवट बसली तर काय होतं, हे कळलं की खुणेची किंमत कळते. कॉम्प्युटर सुरूच न होणं हा त्यातला बरा प्रकार, कारण दोष लगेच दिसतो. वाईट प्रकार म्हणजे जेमतेम टेकलेली जोडणी. मशीन तापतं, थंड होतं, पंख्यांमुळे थरथरतं आणि टेकलेले धातू एकमेकांवर सूक्ष्म घासत राहतात. १९९०च्या दशकात कथलाचा मुलामा असलेल्या पट्ट्या सोन्याच्या मुलाम्याच्या स्लॉटमध्ये बसवल्या जात, तेव्हा या घासण्यातून कथलाचा ऑक्साइड साचून जोडणी हळूहळू बिघडत असे. मशीन मधूनच अडे, पट्टी काढून पुन्हा लावली की काही काळ सुरळीत चाले.

त्या काळच्या पट्ट्यांना 'सिम' म्हणत. मोबाइलमधल्या सिमशी त्यांचा संबंध नाही. आधी ३० संपर्कांच्या, मग ७२ संपर्कांच्या. सिम तिरकी घालून मग उभी करायची असे. तिरकी असताना ती सहज आत जाई. उभी करताना पात्या दबत आणि तिला परत मागे ढकलू पाहत. तो जोर थोपवून धरायचं काम टोकाच्या दोन क्लिपांचं, तेही रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. अनेक मदरबोर्डवर त्या प्लास्टिकच्याच होत्या. उष्णतेनं ठिसूळ झालेली अशी क्लिप तुटली, की स्लॉट बाद. पुढे धातूच्या क्लिपा आल्या तेव्हा तुटण्याचा त्रास बराच कमी झाला. सरळ खाली दाबायची डिम आली, तेव्हा क्लिपवरचा हा सततचा भारच उतरला. डिमची चर्चा नेहमी ६४ बिटांच्या रुंदीवरून, म्हणजे एका वेळी ६४ बिट माहिती नेण्याच्या क्षमतेवरून होते आणि ते बरोबरही आहे, पण टिकाऊपणाच्या दृष्टीनं हा बदलही तितकाच मोठा होता.

डेस्कटॉपमध्ये नंतर वेगळीच अडचण आली, ती जागेची. ग्राफिक्स कार्ड लांब आणि जाड होत गेली आणि रॅमच्या स्लॉटच्या खालच्या टोकाशी येऊन भिडली. तिकडची क्लिप उघडायची तर आधी कार्ड काढावं लागे. त्यावर उपाय म्हणून अनेक उत्पादकांनी एका टोकाला हालती क्लिप ठेवून दुसऱ्या टोकाला नुसती स्थिर पकड दिली. सोय झाली हे खरं, पण त्या टोकाची खूण गेली. तिथं 'खट्' होत नाही, त्यामुळे हालती क्लिप मिटलेली पाहून समाधान मानलं, तर दुसरं टोक किंचित वर राहिलेलं असू शकतं. अशा स्लॉटमध्ये स्थिर टोक आधी पूर्ण खाली दाबावं, मग क्लिपचं टोक, आणि शेवटी पट्टीची कड स्लॉटला समांतर दिसते का ते बाजूनं पाहावं. माझं मत विचाराल, तर कार्डाची अडचण नसेल तिथं दोन्ही टोकांना क्लिप असलेला बोर्ड अधिक चांगला.

सर्व्हरमध्ये अडचण आणखी वेगळी. तिथं स्लॉट एकमेकांना खेटून असतात आणि पट्ट्यांच्या मधून हवा खेळती ठेवावी लागते, म्हणून क्लिपा अरुंद करतात.

लॅपटॉपमधली छोटी पट्टी, 'सो-डिम', हिचा स्वभाव मात्र सिमवर गेला आहे. ती तिरकी घालून आडवी दाबायची असते आणि दोन बाजूंचे लवचिक बाहू तिला खाली अडकवून ठेवतात. बाहू बाहेर फाकवले की पट्टी स्वतःच टुणकन वर येते, कारण पात्या तिला सतत वर ढकलत असतात. इथं बाहू वाकला तर जोडणीच धोक्यात येते.

डिसेंबर २०२३मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं 'कॅम२' हा नवा प्रकार प्रसिद्ध केला. याची सुरुवात डेलच्या लॅपटॉपमधून झाली होती. यात कडेवरचे संपर्कबिंदू नाहीत आणि क्लिपही नाही. पट्टी बोर्डवर आडवी ठेवायची, तिच्या पोटाखालचे बिंदू मधल्या दाबजोडणीवर टेकतात आणि स्क्रू आवळले की दाब मिळतो. विजेची वाट आखूड होते, त्यामुळे जास्त वेग झेपतो. २०२४मध्ये मदरबोर्ड बनवणाऱ्या एमएसआय या कंपनीनं कॅम२ असलेला डेस्कटॉपचा मदरबोर्डही दाखवला. आडव्या पट्टीला ग्राफिक्स कार्डाची अडचण उरत नाही. पण असं एकच मॉड्यूल, म्हणजे एकच पट्टी, दोन्ही चॅनेल (प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या माहितीच्या वाटा) व्यापू शकतं. अशा बोर्डवर रॅम वाढवायची, तर रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक पट्टी घालता येत नाही. आहे ते मॉड्यूल काढून मोठं बसवावं लागतं.