चाकं मऊ की कडक? स्केटबोर्डच्या मापांमागचा इतिहास

नाशिकमध्ये ‘स्केटिंग’ म्हटलं की अजूनही चार चाकांचे बूट आणि हेल्मेट घातलेली शाळकरी पोरंच डोळ्यांसमोर येतात. स्केटबोर्ड त्या मानाने नवखा. तो घ्यायला निघालेल्या मुलाबरोबरच्या आईबाबांचा प्रश्न ठरलेला असतो: दिसायला सगळे सारखेच, मग एकाची चाकं ५२ मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ६५ ची का? ही मापं कंपन्यांच्या लहरीतून आलेली नाहीत. पोरं ज्या ज्या जमिनीवर खेळली, त्या त्या जमिनीने ती ठरवली.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातली सर्फिंग करणारी पोरं समुद्राला लाटा नसल्या की रोलर स्केटची चाकं फळीला ठोकून रस्त्यावर उतरायची. गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बेअरिंगची गाडी करून ज्यांनी उतारावर गुडघे फोडून घेतलेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही. चाकं आधी लोखंडी होती, मग ‘क्ले’ नावाच्या कडक मिश्रणाची आली. दोन्ही कडक आणि निसरडी. वाटेत बारीक खडा आला की चाक जागीच अडायचं आणि वरचा पोरगा एकटाच पुढे जायचा. १९६५ नंतर हे वेड झपाट्याने ओसरलं, त्यात अशा पडापडीचा वाटा मोठा होता.

खेळ पुन्हा उभा राहिला तो चाकामुळेच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅस्वर्दी या तरुणाने रोलर स्केटसाठी बनवलेली पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाकं बोर्डला लावून पाहिली. ती रस्ता धरून ठेवत, खड्यावरून निघून जात. पुढे १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरं त्यांच्या गोलाकार भिंतींवर चढली. तिथे पाय रोवून उभं राहायला रुंद फळी लागते, वेग टिकवायला मोठं चाक लागतं. बाउल (तलावासारखे खोलगट खड्डे) आणि रॅम्पवाले (वक्र उतारांवर खेळणारे) आजही साधारण सव्वाआठ इंचांहून रुंद डेक, म्हणजे फळी, आणि ५४ ते ६० मिलिमीटरची चाकं घेतात, त्याचं मूळ हे.

त्याच दशकाच्या अखेरीस अ‍ॅलन गेलफंड या स्केटरने हात न लावता बोर्डसकट हवेत उडायची युक्ती काढली. तीच ‘ऑली’. रॉडनी मलनने ती सपाट जमिनीवर आणली, आणि मग पायऱ्या, कठडे, बाकं, सगळंच खेळण्याजोगं झालं. फळी उडवायची, पायाखाली फिरवायची, तर ती हलकी हवी. म्हणून डेक अरुंद झाला, दोन्ही टोकं वर वळली, चाकं लहान आणि कडक झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तर ती ४० मिलिमीटरच्या आसपास आली होती. अतिरेकच तो! आता पायऱ्या-कठड्यांवरच्या या खेळासाठी, म्हणजे ‘स्ट्रीट’साठी, पावणेआठ ते सव्वाआठ इंचांचा डेक, ५० ते ५४ मिलिमीटरची आणि ९९ए कडकपणाची चाकं चालतात. ट्रकचा, म्हणजे फळीखाली चाकं धरणाऱ्या भागाचा, एक्सल मात्र कोणत्याही प्रकारात डेकच्या रुंदीइतकाच हवा.

पण स्ट्रीटचं हे माप गुळगुळीत काँक्रीट पाहून घडलेलं आहे. पावसाळ्यानंतरचा आपला डांबरी रस्ता, फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक, गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटाची दगडी फरसबंदी यांवर ९९ए ची चाकं घालून पाहा, दात वाजतात. नुसतं फिरायचं असेल तर ६० मिलिमीटरच्या वरची, ७८ए च्या आसपासची मऊ चाकंच बरी. ए च्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं चाक मऊ.

माझा पहिला बोर्ड खेळण्यांच्या दुकानातला, प्लास्टिकच्या ट्रकचा. तो वळायचाच नाही, आणि मला वाटायचं की दोष माझ्या पायांचा आहे. पुढच्या बोर्डची बेअरिंग पहिल्याच पावसात गंजली, पण तो प्रश्न इथे चुटकीसरशी सुटतो. स्केटबोर्डला ६०८ नंबरचं बेअरिंग लागतं: आतून ८, बाहेरून २२, जाडीला ७ मिलिमीटर. लहान मोटरींनाही हेच बसतं. सातपूर-अंबडचे कारखाने असलेल्या गावात ते मागायला स्केटबोर्डचं दुकान शोधावं लागत नाही.