जिना चढतात, मग दारात का अडतात?

पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात झालेल्या माणसाच्या घरी एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘जिना कसा भराभर चढतात, आणि बाथरूमच्या दारात आलं की पाय हलत नाही. मनावर घेतलं तर जमतं त्यांना!’ बोलणारी माणसं वाईट नसतात, दमलेली असतात. पण या समजुतीमुळे आजारी माणूस आळशी किंवा हट्टी ठरतो. खरं तर जिन्यावर चालणारा आणि दारात अडकणारा पाय हा मेंदूविज्ञानातला एक विलक्षण पुरावा आहे.

पाऊल केवढं टाकायचं आणि दुसरं कधी उचलायचं, हे चालताना आपण ठरवत बसत नाही. सवयीच्या हालचालींचं हे काम मेंदूत खोलवर असलेली बेसल गँग्लिया ही केंद्रं सांभाळतात. त्यांना डोपामिन हे संदेश पोहोचवणारं रसायन लागतं आणि ते पुरवणाऱ्या पेशी मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यात असतात. पार्किन्सन्समध्ये याच पेशी मरत जातात. हाताचा कंप दिसू लागतो तोवर त्यातल्या पुष्कळ गेलेल्या असतात. शिवाय डोपामिनचा तुटवडा सगळीकडे सारखा पडत नाही. बेसल गँग्लियातल्या प्युटामेन या भागाच्या मागच्या बाजूला तो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जाणवतो, आणि सवयीच्या हालचालींची भिस्त नेमकी तिथेच असते. लक्ष देऊन, हेतू धरून केलेल्या हालचालींचे मार्ग त्या मानाने बरेच दिवस शाबूत राहतात.

प्युटामेनकडून निघालेला संदेश थॅलॅमस या मधल्या केंद्रामार्गे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पूरक चालक क्षेत्रात जातो आणि तिथून ‘आतून सुचलेली’ हालचाल सुरू होते. हा मार्ग दुबळा झाला की पावलं आखडतात, घाईची होतात आणि कधी पूर्ण थांबतात. समोर पायरी असली की मात्र डोळ्यांनी टिपलेली माहिती पार्श्व खंडातून चालक क्षेत्राच्या पुढच्या भागाकडे जाते. अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदूही मदतीला येतो. इथे पाऊल केवढं टाकायचं हे पायरीच ठरवते, त्यामुळे बेसल गँग्लियावर विसंबावं लागत नाही.

जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञाने 1967 साली जमिनीवर आडव्या रेषा आखून हे दाखवलं होतं. पुढे ऑस्ट्रेलियात मेग मॉरिस, रॉबर्ट इयान्सेक आणि सहकाऱ्यांनी पावलांची मोजमापं घेतली. 1996 साली त्यांनी दाखवलं की रेषा आखल्या की रुग्णांचं पाऊल जवळजवळ निरोगी माणसाइतकं लांब पडतं. रेषा नसताना नुसतं मोठ्या पावलाकडे लक्ष दिलं तरी तोच परिणाम मिळतो. मात्र दुसरं काही काम करायला सांगितलं की पाऊल पुन्हा आखडतं. म्हणजे चालण्याचा आराखडा मेंदूत पुसला गेलेला नसतो, तो आपोआप सुरू होत नाही एवढंच. दारात चौकट अरुंद, वळायचं असतं, बाथरूमची घाई असते आणि मागून कोणीतरी ‘चला, चला’ म्हणत असतं. मग लक्ष कुठून उरणार?

मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी हेच आपल्या काकांच्या बाबतीत पाहिलं. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना सहज उतरत होते. सोनेजींनी जमिनीवर जिन्याचं भासचित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालले.

हे ज्ञान घरात उतरवण्याचं काम व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट करतात. स्नायूंची ताकद, तोल आणि चाल प्रामुख्याने फिजिओथेरपिस्ट पाहतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतात, दिवसभरात तुमचं काय अडतं? सदऱ्याची बटणं, चहाचा कप, साडीच्या निऱ्या, कमोडवरून उठणं. मग दारापाशी फरशीच्या रंगाहून उठून दिसणाऱ्या चिकटपट्ट्या, त्या माणसाच्या पावलाच्या अंतराने, चालण्याच्या दिशेला आडव्या लावल्या जातात. जागच्या जागी गर्रकन वळण्याऐवजी मोठा वळसा घ्यायला शिकवलं जातं. खुर्चीतून उठणं टप्प्यांत मोडलं जातं: पुढे सरका, पाय मागे घ्या, वाका, उठा. चालताना हातात भरलेला कप द्यायचा नाही आणि प्रश्नही विचारायचे नाहीत, हे घरच्यांनाही शिकावं लागतं. अक्षर बारीक होत गेलेल्यांना रेघांचा कागद देतात. मोठ्याने बोलण्याकडे लक्ष वळवून आवाज सुधारणारी वाक्‌उपचारपद्धतीही या तत्त्वाला जवळची आहे.

नेदरलँड्समध्ये 191 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी येऊन दिलेल्या दहा आठवड्यांच्या व्यवसायोपचाराने रोजची कामं आधीपेक्षा चांगली जमत असल्याचं रुग्णांनी स्वतः नोंदवलं. तरी हे एकट्याचं काम नाही. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन बनतं त्या औषधाची गोळी प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतली तर ती शोषली जाताना अडथळा येऊ शकतो, म्हणून वेळापत्रकात आहारतज्ज्ञाला बोलवावं लागतं. उठताना रक्तदाब पडत असेल तर पट्ट्या लावून पडणं थांबणार नाही, तिथे डॉक्टरच हवेत. गिळताना ठसका लागत असेल तर वाक्‌उपचारतज्ज्ञ पाहतात. ही माणसं एकमेकांशी बोलली नाहीत तर प्रत्येकाची सूचना दुसऱ्याच्या सूचनेला छेद देते.

‘कंपवात मुळापासून बरा’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. खाजकुहिलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा असतं हे खरंच आहे. पण म्हणूनच तिची चूर्णं डॉक्टरांना न सांगता गोळ्यांच्या जोडीला घेणं धोक्याचं. मात्रा किती पोटात गेली याचा हिशेबच राहत नाही. मेलेल्या पेशी परत आणणारं औषध आज नाही.

रेषांच्या उपायालाही मर्यादा आहेत. युरोपातल्या 153 रुग्णांवरच्या 2007 च्या अभ्यासात घरी दिलेल्या तीन आठवड्यांच्या सरावाने चालण्यात थोडी पण खरी सुधारणा झाली आणि सराव बंद झाल्यावर सहा आठवड्यांत ती बरीचशी ओसरली. म्हणून पट्ट्या झिजल्या की बदलायच्या, सराव सोडायचा नाही आणि आजार पुढे सरकला की तज्ज्ञांना पुन्हा घरी बोलवायचं.

भारतात व्यवसायोपचाराचं पहिलं विद्यालय कमला निंबकरांनी 1950 साली मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू केलं. आज मुंबईत केईएम, नायर आणि सायन, तर नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो आणि तिथे रुग्णही पाहिले जातात. पहिल्यांदा पडून हाड मोडेपर्यंत थांबू नका. निदान झालं त्याच भेटीत मेंदूविकारतज्ज्ञांकडे तिथली चिठ्ठी मागा.